टँकर नको

मुंबईच्या मित्रांना दाखवायला शहापुरातल्या आमच्या पाड्याचं चित्र एआयकडून काढून घेत होतो. मुंबईला पाणी पुरवणारं भातसा धरण आमच्याच तालुक्यात. तरी उन्हाळ्यात पाड्यावर टँकर येतो. त्याची लाज वाटली, म्हणून प्रॉम्प्टमध्ये लिहिलं, ‘टँकर नको.’ चित्रात टँकर आलाच! ‘नको’ हा शब्द ही यंत्रं बरेचदा सोडून देतात, वस्तूचं नाव तेवढं धरतात. स्टेबल डिफ्यूजनमध्ये नकोशा गोष्टींसाठी ‘निगेटिव्ह प्रॉम्प्ट’ असा वेगळा रकाना असतो. माझ्या अ‍ॅपमध्ये तो नव्हता. मग फक्त हवं तेच लिहिलं: माहुलीचे सुळके, मोकळा मातीचा रस्ता, करवंदाच्या जाळ्या. टँकर गेला.

मुरबाडच्या मावशीनं चित्र पाहिलं नि विचारलं, “आज टँकर आला नाही का रे?”