मुखेडच्या वाटेवरचा इमू

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. मुखेड आणि मुदखेड ही दोन वेगळी गावं आहेत. रेल्वेचं जंक्शन आहे ते मुदखेड. आपलं मुखेड नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेला, बालाघाटच्या डोंगरांत. तिथे रेल्वे जात नाही. त्यामुळे तिकीट काढताना एक 'द' जास्त पडला, तर तुम्ही भलत्याच गावात उतरणार!

माझं आजोळ मुखेडचं. ऑफिसमध्ये दिवाळीचे प्लॅन निघाले, की कुणी गोवा म्हणतं, कुणी कूर्ग. मी मुखेड म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "तिथे बघायला काय आहे?" आहे ना. दशरथेश्वराचं जुनं, दगडी शिल्पांनी भरलेलं देऊळ आहे. सर्पदंशावरच्या उपचारांसाठी आख्ख्या महाराष्ट्रात ओळखले जाणारे डॉ. दिलीप पुंडे याच गावचे. आणि सगळ्यात देखणी म्हणजे लाल कंधारी गाय. कंधार-मुखेडच्या पट्ट्यातली ही मूळ जात. विटेसारखा तांबडा रंग, पाणीदार डोळे. इन्स्टावर टाकाल तर फिल्टर लागणार नाही.

पण या वेळी मला गावापेक्षा गावाच्या वाटेबद्दल सांगायचंय.

धपाटे, दही आणि पिंजरे

पुण्याहून गाडीने निघालात की लातूर, मग शिरूर ताजबंद, तिथून वळलं की मुखेडचा रस्ता. २०२५च्या दिवाळीत मला घ्यायला मामा, वहिनी आणि वहिनीचा सात वर्षांचा मुलगा लातूरला आले होते. परतताना एका ढाब्यावर थांबलो. नाव मुद्दामच सांगत नाही. असे ढाबे आता कुठल्याही हायवेवर दिसतात. पुढे पार्किंग, एक सेल्फी पॉइंट, आणि मागच्या बाजूला मुलांसाठी 'मिनी झू'. तिकीट नाही. तुम्ही धपाटे खा, पोरं प्राणी बघतील, असा एकूण हिशेब.

पिंजरे चार. एकात ससे, एकात लव्हबर्ड्स, एका छोट्या पिंजऱ्यात दोन पोपट. आणि शेवटच्या, पत्र्याच्या छपराखालच्या पिंजऱ्यात एक इमू. शहामृगाच्या खालोखाल उंच असलेला ऑस्ट्रेलियाचा पक्षी. मोकळ्या माळावर ताशी पन्नास किलोमीटरने पळू शकणारा. इथे तो चार पावलं पुढे जायचा, वळायचा, चार पावलं मागे यायचा. पुन्हा वळायचा.

धपाटे यायला वेळ होता. मी तिथे उभी राहून लोक काय बोलतात ते ऐकत होते.

बुलेटवरून आलेल्या पोरांच्या ग्रुपमधल्या एकीने व्हिडिओ काढला आणि जाहीर केलं, "धिस इज सो सॅड यार. बंद करायला पाहिजे हे." मग ग्रुप मिसळ खायला बसला. लातूरकडच्या एका कुटुंबातले बाबा तिचं ऐकून म्हणाले, "बंद करून काय होणार? पोरांनी प्राणी बघायचे कुठं? झू बघायला संभाजीनगर नाहीतर हैदराबाद. एवढ्या लांब कोण नेतंय दर रविवारी?" त्यांच्या मुलीने तेवढ्यात जाळीतून कुरकुरे आत सरकवले होते. एक आजी म्हणाल्या, "खायला मिळतंय, ऊन नाही, पाऊस नाही. माणसाला तरी कुठं मिळतंय एवढं?"

आमच्या वहिनीचं निरीक्षण सगळ्यात थेट होतं. "पोरानं बाटलीभर पाणी सांडलं इथं. त्याच्या भांड्यात बघा, तळाला शेवाळ हाय नुसतं."

प्रत्येकाचं थोडं थोडं खरं होतं. आणि गंमत म्हणजे इमूला स्वतःला सोडून सगळ्यांकडे मत होतं.

मामांची तपासणी

मामा मात्र काही बोलले नाहीत. त्यांच्या गोठ्यात आयुष्यभर जनावरं आहेत. ते पिंजऱ्याला एक चक्कर मारून आले, खाली बसले, पक्ष्याचे पाय बघितले, विष्ठा बघितली, पत्र्याला हात लावून बघितला.

"काय बघलालाव मामा एवढं?" मी विचारलं.

"जनावर बोलत नसतंय. त्याचं पाय अन् शेण बोलतंय," मामा म्हणाले. "खाली फरशी हाय. माती पायजे. पत्रा तापलालाय. अन् त्याला नीट पळता तर सोड, अंगावरची धूळ झटकायला पंख हलवता येईना."

पुण्याला आल्यावर मी थोडं वाचन केलं, तेव्हा मजा वाटली. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने पाळीव जनावरांसाठी एक साधी कसोटी सांगितली होती. जनावराला उभं राहता, खाली बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. जगभर ज्याला आज 'अॅनिमल वेल्फेअर' म्हणतात, त्याच्या पायाशी हा रिपोर्ट आहे. मामांनी तो वाचलेला नाही. पण मुद्दे तेच.

आपल्याकडचा कायदा तर त्याहून जुना. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं ही क्रूरताच. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती लिहिलाय माहितेय? दहा ते पन्नास रुपये. ढाब्यावरच्या धपाट्यांच्या प्लेटपेक्षा कमी!

"मी घेतला नसता तर?"

ढाब्याचे मालक चाळिशीतले, बोलायला मोकळे. इमूचा विषय काढल्यावर ते वैतागले नाहीत. उलट खुर्ची ओढून बसले.

तुम्हाला इमूची लाट आठवते का? २०१०च्या आसपास इमूपालन म्हणजे घरबसल्या पैसा, अशी हवा होती. मांस, तेल, पिसं, अंडी, सगळं विकलं जाणार म्हणून शेतकऱ्यांनी कर्ज काढून जोड्या घेतल्या. पण माल घेणारं गिऱ्हाईकच नव्हतं. २०१२ साली तमिळनाडूतली सुशी इमू फार्म्स ही कंपनी कोसळली, आणि महाराष्ट्रातही अनेकांची शेडं तशीच पडून राहिली. खाद्य परवडेना म्हणून कुणी पक्षी फुकट वाटले, कुणी सोडून दिले. इमू मात्र सांभाळला तर वीस वर्षांहून जास्त जगतो.

"हा तसलाच हाय," मालक म्हणाले. "पाहुण्याच्या शेडात शेवटचा उरला होता. मी घेतला नसता तर कुत्र्यांनी फाडला असता. आता तुम्ही म्हणता सोडा. कुठं सोडू?"

याचं उत्तर बुलेटवाल्या ग्रुपकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. इमू इथल्या रानातला नाही, त्यामुळे रानात सोडणं हा उपाय नाही. पोपटांचं मात्र वेगळं. आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग ते ढाब्यावर असोत की तुमच्या आत्याच्या गॅलरीत. मी तसं म्हटलं. मालक हसले, "ताई, गावात किती घरात हायत, मोजून या."

मोठ्या झूचं काय?

लातूरच्या बाबांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. पोरांनी प्राणी बघायचे कुठे? मराठवाड्यात अधिकृत प्राणिसंग्रहालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान. सेंट्रल बसस्टँडजवळ, शहराच्या गर्दीत. शाळेच्या ट्रिपा वेरूळ, दौलताबाद करून तिथे येतात.

तिथली गोष्टही सरळ नाही. झू चालवायला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. हे प्राधिकरण १९९२ साली स्थापन झालं. २०१८ मध्ये त्याने अपुरी जागा आणि इतर त्रुटींवर बोट ठेवून सिद्धार्थची मान्यता रद्द केली. महापालिकेने दाद मागितली, झू चालू राहिलं, आणि मिटमिट्याला मोठ्या जागेत हलवायचं काम हाती घेतलं गेलं. दुसरीकडे याच झूमधल्या समृद्धी वाघिणीने २०१९ मध्ये चार आणि डिसेंबर २०२० मध्ये पाच बछडे दिले. लोकांनी जाम कौतुक केलं. हत्तींना झूमध्ये ठेवू नये असा आदेश प्राधिकरणाने २००९ साली काढला होता. त्यानंतर सरस्वती आणि लक्ष्मी या इथल्या मायलेकी हत्तिणी विशाखापट्टणमला गेल्या.

म्हणजे सरकारी झूला निदान कुणीतरी विचारणारं आहे. नियम आहेत, तपासणी होते, मान्यता जाऊही शकते. ढाब्यामागच्या पिंजऱ्याला विचारणारे कोण? फक्त आपण, धपाट्यांची वाट बघणारे.

चावी कुणाकडं असते?

निघताना मामांनी मालकांना एकच प्रश्न विचारला. "रात्री पिंजऱ्याची चावी कुणाकडं असते?"

"माझ्याकडं. घरी नेतो. सहा किलोमीटरवर हाय घर."

"अन् पाणी आलं तर?"

मालक गप्प झाले. मीही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. लेंडी प्रकल्पाच्या बाजूची रावणगाव, हसनाळसारखी गावं रात्रीतून पाण्याने वेढली गेली. माणसं गेली. दावणीला बांधलेली जनावरं गेली. त्या भागात आमच्या ओळखीची माणसं आहेत, आणि दिवाळीतही घरोघरी तोच विषय होता. पाणी चढलं की आधी दावं सोडायचं, मग सामान. जनावर पोहून, पळून कुठेतरी जातं. बांधलेलं कुठे जाणार? पिंजऱ्यातलं तर नाहीच.

"तुम्ही त्याला वाचवलंत, खरं हाय," मामा म्हणाले. "पण कुलूप लावलं की जबाबदारी रात्रीची बी असते."

भाच्याने गाडीत बसल्यावर विचारलं, "आत्या, तो तिथंच राहणार का?" मी म्हटलं, बहुतेक हो. त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "मग त्याला माती तर द्या."

भाऊबीज करून पाच दिवसांनी त्याच रस्त्याने परत निघालो, तेव्हा थांबलो. पत्र्यावर गवताचे पेंढे टाकले होते. फरशीच्या एका कोपऱ्यात ट्रॉलीभर माती ओतली होती आणि इमू तिथे बसला होता. पाण्याचं भांडं मोठं होतं. चावी गल्ल्यामागच्या खिळ्याला लटकत होती. पिंजरा मात्र तेवढाच होता. पोपटही होते तिथेच. मालक म्हणाले, मागचं कुंपण उन्हाळ्याआधी वाढवतो. पोपटांचं मी पुन्हा काढलं, तर म्हणाले, "बघू." मी त्यांना वनखात्याचा हेल्पलाइन नंबर लिहून दिला, आणि तो मीही लावू शकते, हेही हसत सांगितलं.

तुम्ही थांबलात तर

मुखेडला जायचं असेल तर पुण्याहून नांदेडपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी, नाहीतर लातूर-शिरूर ताजबंद मार्गे गाडी. हिवाळा बेस्ट, सोयाबीन निघालेलं असतं आणि तुरी उभ्या असतात. कुणाच्या गोठ्यात लाल कंधारी बघायला जायचं तर विचारून जा. लोक आनंदाने दाखवतात, वर चहाही पाजतात. पोरांना प्राणी दाखवायची याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

वाटेत कुठे 'मिनी झू' दिसलं, तर नुसता व्हिडिओ काढून पुढे जाऊ नका. पाणी बघा, सावली बघा, जमीन बघा. जाळीतून काही भरवू नका, पोरांनाही भरवू देऊ नका. मालकाशी बोला, आवाज न चढवता. पोपट, माकड, कासव असं काही देशी आणि रानातलं दिसलं, तर महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६. आजारी पाळीव जनावरासाठी पशुवैद्यकीय सेवेचा नंबर १९६२.

आणि हो, चावी कुणाकडे असते, ते विचारायला विसरू नका.