गोंद लागतच नाही!

गोंद नाही, खळ नाही, फेव्हिकॉल नाही, काहीसुद्धा नाही! आधी हेच सांगून टाकते. हल्ली भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे, आणि माझ्यासमोर कागदाचा विषय काढायचा नाही असं घरच्यांनी आपसात ठरवलेलं दिसतंय. रद्दीपासून घरी नवा कागद होतो हे ऐकून माहीत होतं, पण त्यात काहीतरी चिकट घालत असणार अशी माझी पक्की समजूत होती. नाही हो! जुना कागद, पाणी आणि एक जाळी. संपलं.

शाळेच्या संपलेल्या वह्या घ्या. पिना काढा, पुठ्ठे बाजूला ठेवा, पानं हातानंच फाडा. कात्री तंतू छाटून टाकते; फाडलं की ते लांबच्या लांब मोकळे होतात. तुकडे रात्रभर भिजवायचे. सकाळी मिक्सरच्या जुन्या, स्वयंपाकातून बाद झालेल्या भांड्यात मूठभर कागदाला भांडंभर पाणी घालून थांबत थांबत फिरवायचं. पाण्यात कंजूषपणा केला की मोटर तापते. हा लगदा मोठ्या घमेल्यात ओतून त्यात आणखी पाणी घालायचं, अगदी ताकाइतकं पातळ होईपर्यंत. यातून कागद होणार यावर कुणाचाच विश्वास बसत नाही, माझाही बसत नव्हता.

मग चौकट. सारख्या मापाच्या दोन जुन्या फोटोफ्रेम. एकीवर मच्छरजाळी ताणून टाचण्या ठोकलेली, दुसरी तिच्यावर नुसती ठेवायची, कडा सरळ येण्यासाठी. दोन्ही धरून घमेल्यात उभ्या घालायच्या, तळाशी आडव्या करायच्या आणि सरळ वर उचलायच्या. पाणी धो धो गळत असतानाच हलकेच मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलवायचं, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. आता नजर हलवू नका! जाळीवर पाणी चकाकत असतं, आणि बघता बघता एका कोपऱ्यातून ती चकाकी ओसरायला लागते, सरकत सरकत पार दुसऱ्या कडेला जाते, आणि मागे उरतो एक मंद, खरखरीत पांढरा चौकोन. तोच कागद! वरची फ्रेम काढायची, जाळी ओल्या धोतराच्या तुकड्यावर पालथी घालायची, मागून स्पंजनं पाणी टिपायचं आणि एका कडेकडून उचलायची. कागद धोतरावर, जाळी हातात. मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले.

आता गोंदाचं. कागद म्हणजे वनस्पतींचे सेल्युलोजचे तंतू. पाण्यात ते फुगतात, मऊ पडतात. पाणी निघून जायला लागलं की जाता जाता तेच तंतूंना जवळ खेचतं, आणि ते एकमेकांना भिडले की त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. जोडणारं पाणी आणि सोडवणारंही पाणी, म्हणून तर वही भिजली की तिचा परत लगदा होतो! हे अनंत काळ चालत नाही. दर फेरीत तंतू आखूड होत जातात आणि साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर दम संपतो. पण पाच-सात फेऱ्या काय कमी आहेत?

आणि मी पुण्यात राहते, म्हणजे बघा! कसब्यातल्या कागदीपुऱ्याचं नाव लहानपणापासून कानावर, पण तिथं कागद करणारे कागदी राहत, हे कधी डोक्यातच आलं नाही. जुन्नरचा कागद, दौलताबादचा कागद असे त्या काळी प्रसिद्ध होते. हे लोक ताग, जुने दोर, गोणपाट कुटून लगदा करत, वाळलेल्या कागदाला खळ लावत आणि गुळगुळीत दगडानं घोटत. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद करते आहे. पेशवे दफ्तरातले कागद दोन-अडीचशे वर्षांनी वाचता येतात, आणि आपलं वर्तमानपत्र उन्हात ठेवलं की चार दिवसांत पिवळं! त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं ना. घोटण्याचं वाचल्यावर मी लगेच भाताची पेज गाळून लावली आणि मोठ्या कवडीनं घोटत बसले. आधी शाई पसरायची, आता टाक लावला तरी अक्षर जागच्या जागी!

सासूबाई मात्र शांत. “मेथ्या घातल्यास का?” एवढंच विचारलं. त्यांच्या माहेरी रद्दी आणि मेथ्या भिजवून कुटायचे आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करायचे. मेथीच्या बुळबुळीतपणानं लगदा छान बसतो म्हणे. म्हणजे मी जो शोध लावला असं मला वाटत होतं तो त्यांच्या परसात दर उन्हाळ्यात लागत होता.

दुकानाची गुळगुळीत बिलं आणि एटीएमच्या पावत्या मात्र यात नकोत, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो. लॅमिनेशनच्या लग्नपत्रिकाही नकोत. उरलेला लगदा मोरीत ओतू नका, पाइप तुंबेल. गाळून गोळे करून वाळवा, पुढच्या खेपेला पुन्हा भिजतात. काचेवर वाळवलेल्या कागदाची एक बाजू सुरेख गुळगुळीत येते. कांद्याची सालं घातली की अंगात तपकिरी नक्षी, झेंडूच्या पाकळ्यांचा तर थाटच वेगळा!

सध्या घरातल्या सगळ्या खिडक्यांवर कागद आहेत, बाहेरचं काही दिसत नाही आणि घरातली रद्दी संपली आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलानं यंदा दहावी दिली, त्याच्या वह्या-गाइडांवर माझा डोळा आहे. पण त्याची आई म्हणते, निकाल लागेपर्यंत एक पान हलवायचं नाही!