एक सभासद, एक मत, एक फुटबॉल क्लब

रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या दोन हॉलिवूडच्या नटांनी वेल्समधला रेक्सम हा फुटबॉल क्लब घेतला, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यावरची मालिका गाजली, क्लब ओळीने तीन वर्षं वरच्या श्रेणीत चढला. पण त्या सगळ्या कथेतला खरा थरार मला सापडला तो पहिला गोल होण्याच्याही कितीतरी आधी, आणि तो सापडल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. त्या दोघांना क्लब घेण्यासाठी परवानगी मागावी लागली होती! बँकेची नव्हे, सरकारची नव्हे, प्रेक्षकांची! नोव्हेंबर २०२० मध्ये दोघं पडद्यावरून चाहत्यांच्या ट्रस्टपुढे हजर झाले. वीस लाख पौंड घालू म्हणाले, गावाचा क्लब गावातच राहील असं सांगितलं, प्रश्नांना उत्तरं दिली. मग मतदान झालं: १,८०९ बाजूने, २६ विरुद्ध, ९ तटस्थ. जगातले दोन प्रसिद्ध लोक निकालाची वाट बघत बसलेत आणि निकाल देणार आहेत स्टँडमध्ये थंडीत कुडकुडत मॅच बघणारी माणसं!

पण विकायला आधी क्लब चाहत्यांच्या मालकीचा कसा झाला? तर २०११ मध्ये रेक्सम बुडायच्या बेतात होता. पुढच्या हंगामात खेळायचं तर लीगला अडीच लाख पौंडांची हमी हवी होती, आणि वेळ उरला होता तासांमध्ये मोजण्याइतका. लोक मैदानावर पैसे घेऊन आले, शिल्लक मोडून आले. एका दिवसात एक लाखाहून जास्त पौंड उभे राहिले. त्याच वर्षी ट्रस्टने क्लब ताब्यात घेतला आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं चालवला. मालिकेत हे सगळं पार्श्वभूमीसारखं येतं. मला तर हीच मुख्य कथा वाटते.

आता या ट्रस्टचं अंतरंग. ब्रिटनमधले चाहत्यांचे ट्रस्ट बहुतेक नोंदणीकृत संस्था असतात. वर्षाची थोडकी वर्गणी भरायची, सभासद व्हायचं. वार्षिक सर्वसाधारण सभा होते, हिशेब मांडले जातात, संचालक मंडळाची निवडणूक होते. एका सभासदाला एकच मत, मग त्याने दहा पौंड दिलेले असोत की दहा हजार. हे वाचताना मी उठून उभीच राहिले. हे तर आपलंच! आपल्याकडे दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखाना ज्या तत्त्वावर उभे राहिले तेच हे तत्त्व. आणि हे साम्य वरवरचं नाही. आपला १९०४ चा पहिला सहकार कायदा इंग्लंडमधल्या परस्परसाहाय्य संस्थांच्या कायद्याच्या धर्तीवरच घडवला होता. म्हणजे प्रवरानगरचा शेतकरी सभासद आणि विम्बल्डनचा फुटबॉलवेडा सभासद कायद्याच्या नात्याने चुलतभाऊ लागतात! एक मोठा फरक मात्र आहे. या ट्रस्टमध्ये सभासदाला लाभांश मिळत नाही, उरलेला पैसा संस्थेच्या कामालाच लागतो. माणसं पैसे घालतात ती परताव्यासाठी नव्हे, तर आपलं मत मोजलं जावं म्हणून.

आणि आता विम्बल्डन. टेनिसचं नव्हे, फुटबॉलचं. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगू शकते.

१९८८ मध्ये विम्बल्डन एफसी या छोट्या क्लबाने वेम्ब्लीवर लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप जिंकला. गोल लॉरी सांचेझचा, आणि गोलरक्षक डेव्ह बीझंटने अडवलेली जॉन आल्ड्रिजची पेनल्टी. अवघ्या तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, क्लबाने आपलं प्लाउ लेनचं मैदान सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळू लागला. मग मालकांनी ठरवलं की क्लब मिल्टन कीन्सला, म्हणजे साधारण ऐंशी किलोमीटर दूर न्यायचा. चाहत्यांनी निदर्शनं केली, अर्ज केले, जे जे करता येतं ते सगळं केलं. २८ मे २००२ रोजी फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने स्थलांतराला परवानगी दिली. विम्बल्डनमध्ये नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्या आयोगाच्या अहवालात म्हटलं होतं.

चाहत्यांनी काय करावं? नवा क्लब काढला! महिना उलटतो न उलटतो तोच विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी ठेवली. कुणीही यावं. दोनशेहून जास्त खेळाडू आले. १० जुलै २००२ ला सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. ४-० असा हरले, आणि तो पराभव बघायला ४,६५७ माणसं जमली होती! एएफसी विम्बल्डन हे नाव, मालक डॉन्स ट्रस्ट, म्हणजे सभासद. पहिल्या वर्षी हा संघ काउंटी पातळीच्या लीगमध्ये, गावच्या छोट्या मैदानांवर खेळला, तरी घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांवर गर्दी होती. जाण्याच्या वाटेवर असलेल्या जुन्या क्लबाला त्या हंगामात तेवढीही मिळाली नाही.

या क्लबाची कामाची रीत तर मला फारच आवडते. एरिक सॅम्युएल्सन नावाचे निवृत्त हिशेबतज्ज्ञ पुढे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, ते वर्षाला एक गिनी एवढ्या नाममात्र मानधनावर. बाकी तिकीट तपासणारे, कार्यक्रमपत्रिका विकणारे, रंगकाम करणारे, सगळे स्वयंसेवक. मैदानावरही असा जोर की फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात लीगचे सलग ७८ सामने हा संघ हरलाच नाही. नऊ हंगामांत पाच बढत्या. मे २०११ मध्ये ल्यूटन टाउनविरुद्ध पेनल्टी शूटआउट, शेवटची पेनल्टी डॅनी केडवेलची, आणि सभासदांचा हा क्लब देशाच्या फुटबॉल लीगमध्ये दाखल!

तरी घर अजून बाकी होतं. जुन्या प्लाउ लेनपासून हाकेच्या अंतरावर, जिथे पूर्वी कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या त्या जागेवर, नवं मैदान बांधायचं ठरलं. बांधकाम सुरू झालं आणि २०१९ च्या अखेरीस पैसे कमी पडले. लाखांनी नव्हे, एक कोटी पौंडांच्या वर. अशा वेळी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा आणि ट्रस्टचा हिस्सा कमी करून घ्यायचा. इथे सभासदांची घासाघीस, वादावादी, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या सभा, हे सगळं झालं, आणि शेवटी चाहत्यांनीच कर्जरोखे काढले. व्याजाचा दर शून्यापासून चार टक्क्यांपर्यंत, तो घेणाऱ्यानेच ठरवायचा! म्हणजे स्वतःच्याच क्लबाला उसने पैसे देताना प्रत्येकाने स्वतःला विचारायचं, मला किती हवेत? काही आठवड्यांत पन्नास लाख पौंडांहून जास्त गोळा झाले. ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकास्टरविरुद्ध नव्या प्लाउ लेनवर पहिला सामना झाला, २-२ बरोबरीचा. करोनामुळे स्टँड रिकामे होते. ज्यांनी ते मैदान उभं केलं त्यांनी तो सामना घरी बसून पाहिला. हे वाचून मला रडू आलं, ते सांगायला मला काहीच वाटत नाही.

आणि हे एकटं विम्बल्डनच नाही! एक्सेटर सिटीच्या ट्रस्टने २००३ मध्ये दिवाळखोरीच्या दारातून क्लब उचलला. जानेवारी २००५ मध्ये लीगबाहेर असलेला तोच संघ ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी ०-० बरोबरीत सुटला, आणि त्या लढतींच्या उत्पन्नाने कर्जाचं ओझं हलकं झालं. पोर्ट्समथमध्ये हजारो लोकांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन २०१३ मध्ये क्लब वाचवला. चेल्सीचं तर विचारूच नका. तिथे मैदानाची जमीन आणि क्लबाचं नाव १९९३ मध्ये स्थापन झालेल्या, चाहत्यांच्या एका वेगळ्या कंपनीकडे आहे. क्लब तिथून हलला तर चेल्सी हे नाव सोडून जावं लागेल! २०११ मध्ये तेलाच्या धंद्यात श्रीमंत झालेले मालक अब्रामोविच यांच्या काळात क्लबाने ती जमीन परत विकत घ्यायचा प्रस्ताव आणला. ७५ टक्के मतं हवी होती, ६१.६ मिळाली. प्रस्ताव पडला. तेलाच्या पैशासमोर भागधारकांची सभा उभी राहिली आणि टिकली.

स्वान्सीची गोष्ट मात्र हुरूप आवरून वाचावी लागते. तिथल्या ट्रस्टकडे क्लबाचा सुमारे २१ टक्के हिस्सा होता, संचालक मंडळावर त्यांनी निवडलेला माणूस होता. क्लब प्रीमियर लीगमध्ये पोचला, २०१३ मध्ये लीग कप जिंकला, सगळीकडे या नमुन्याचं कौतुक चाललं. आणि २०१६ मध्ये बाकीच्या मोठ्या भागधारकांनी ट्रस्टला बाजूला ठेवून आपले भाग अमेरिकन गुंतवणूकदारांना विकले. ट्रस्टला कायदेशीर लढाईची वाट धरावी लागली, तडजोड झाली २०२२ मध्ये. मला यातून एक पक्कं कळलं: मंडळावर खुर्ची मिळणं वेगळं आणि अधिकार मिळणं वेगळं. कोणता निर्णय ट्रस्टच्या मताशिवाय होणारच नाही, हे करारात कलम म्हणून लिहिलेलं असेल तरच त्या खुर्चीला अर्थ. डॉन्स ट्रस्टने बहुमताचा हिस्सा इतक्या हट्टाने का धरून ठेवला, तेही मला इथेच उमगलं.

आता तर कायदाही बदलतोय. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल कारभाराचा नवा कायदा झाला आणि इंग्लंडच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. क्लबाचं बोधचिन्ह, घरच्या जर्सीचे रंग अशा गोष्टी मालकाला मनमानीने बदलता येणार नाहीत, चाहत्यांचा कौल लागेल. याची गरज का पडली? कार्डिफ सिटी हा निळा क्लब २०१२ मध्ये मालकाच्या इच्छेखातर लाल झाला होता, आणि चाहत्यांनी लावून धरल्यावर २०१५ मध्ये पुन्हा निळा झाला!

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांची मॅच असली की अर्धं गाव तिकडे लोटतं. आमच्याकडे संघ तालमीचा असतो, तालीम पेठेची असते, आणि पेठ उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. म्हणून संघाचं स्थलांतर ही कल्पनाच मला समजत नसे. पण ती आपल्या दारातही घडलेली आहे. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाला मिळाली. बालेवाडीत नारिंगी जर्सी घालून ओरडणारी पोरं होती, ऑरेंज आर्मी म्हणायची स्वतःला. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला. मिल्टन कीन्सची गोष्ट वाचताना माझ्या डोळ्यांपुढे बालेवाडीच होती. फरक इतकाच की क्लब गेला त्या दिवशी विम्बल्डनच्या लोकांकडे एक नोंदणीकृत संस्था तयार होती, सभासदांची यादी होती, खातं होतं. म्हणून ते दुसऱ्याच महिन्यात मैदानावर उतरू शकले.

आणि ही संस्था उभी करायला लागतं काय? सुरुवात झाली ती नॉर्थॅम्प्टनला, १९९२ मध्ये. क्लबावर सुमारे सोळा लाख पौंडांचं कर्ज होतं. चाहत्यांनी जाहीर सभा बोलावली, शेकडो लोक आले. ट्रस्ट स्थापन झाला, हातात बादल्या घेऊन वर्गणी गोळा केली, आणि पैसे देताना अट घातली की मंडळावर आमचा निवडलेला माणूस बसेल. ब्रायन लोमॅक्स असे संचालक झाले, चाहत्यांनी मतदानाने निवडून पाठवलेले. २००० मध्ये सरकारच्या पाठबळाने अशा ट्रस्टना मदत करणारी सपोर्टर्स डायरेक्ट ही संस्था निघाली तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडेच आली. त्यांनी गावोगावी जाऊन सभा घेतल्या, तयार नियमावली हातात दिली, आणि एकामागून एक ट्रस्ट उभे राहिले.

सभेसाठी हॉल लागतो, सात-आठ खमकी माणसं लागतात आणि एक वही लागते. पुण्यात कुणी अशी सभा बोलावणार असेल तर मला नक्की कळवा. कोल्हापूरहून पहाटेची गाडी पकडून येईन, आणि इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे द्या.