मस्टँगचे कांदेपोहे

गेल्या शनिवारी मी गाडी बघायला गेलो होतो. आपल्याकडे 'बघायला जाणे' हा रीतसर कार्यक्रम दोनच बाबतीत होतो, एक स्थळ आणि दुसरी सेकंडहँड गाडी. दोन्हीकडे आधी पत्रिका, मग फोटो, मग प्रत्यक्ष भेट. आणि दोन्हीकडे घरून निघतानाच मनाने होकार दिलेला असेल तर बाकी सगळं नाटक असतं. माझं तेच झालं होतं, फक्त ते मला शनिवारी संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं.

तर स्थळ असं: फोर्ड मस्टँग जीटी, मॉडेल २०००, रंग लाल, पाच गिअर मॅन्युअल, १,१८,००० मैल चाललेली, एकच मालक. मागणी साडेसात हजार डॉलर. मुक्काम कोलंबसपासून तासाभरावरचं एक गाव. गाडी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान.

आता "मस्टँगच का?" हा प्रश्न येणारच. पहिली मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. तेव्हाची गाडी आज शोपीस आहे, माझ्या खिशाबाहेरची. नवी कोरी तर त्याहून बाहेरची. राहता राहिला मधला काळ. १९९९ ते २००४ ची मस्टँग म्हणजे धड जुनी नाही, धड नवी नाही, त्यामुळे बरीच वर्षं कोणी फारसं विचारत नव्हतं. खाली ४.६ लिटरचं व्ही-८, २६० अश्वशक्ती. मागे एकसंध ॲक्सल, आपल्या जीपला असतो तसा. तंत्रज्ञान म्हणून बघाल तर तेव्हाही जुनाटच, कारण हिचा मूळ सांगाडा थेट १९७८ च्या फोर्डच्या गाड्यांपासून चालत आलेला. पण चावी फिरवल्यावर जो आवाज येतो ना.. असो.

शेव्हरोलेची कॅमारोही यादीत होती. १९९८ पासूनच्या झेड-२८ मध्ये ५.७ लिटरचं एलएस-१ इंजिन, तीनशेच्या वर अश्वशक्ती, कागदावर मस्टँगला सहज मागे टाकणारी. पण शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी एक भला मोठा उंचवटा आहे, कारण खाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलाय. बायको नाही तोवर ठीक आहे, पण आई इकडे आली की तिने पाय कुठे ठेवायचे? (शिवाय या अस्सल अमेरिकन गाडीची ती पिढी बनायची कॅनडात, क्विबेकमधल्या सेंट-थेरेसला! माझी मस्टँग मात्र डिअरबॉर्नची. फोर्डच्या घरची.)

इंजिनिअर माणूस, त्यामुळे एक्सेल शीट आलीच. इन्शुरन्स माझ्या कोरोलाच्या दीडपट. शहरात लिटरला जेमतेम सात किलोमीटर. वर नोकरीचा रकाना. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. नाही मिळाली तर दोन बॅगा आणि विमान. गाडी बरोबर न्यावी म्हटलं तर भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. म्हणजे ही गाडी मी घेतली तर कधी ना कधी इथेच सोडून जाणार, हे लिहून ठेवल्यासारखं. शीटच्या तळाशी लाल अक्षरात 'नाही' आलं. मी शीट बंद केली आणि विकणाऱ्याला फोन लावला. आपण आपल्या मॅनेजरला याच गोष्टीसाठी नावं ठेवतो.

आधी पत्रिका. अमेरिकेत १९८१ पासून प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा व्हिन नंबर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष, २००० साठी वाय. आठवं अक्षर इंजिन. इथे खरी मेख आहे. साध्या व्ही-६ मस्टँगला जीटीचे बिल्ले चिकटवून विकणारे महाभाग असतात. आठव्या जागी ४ असेल तर व्ही-६, एक्स असेल तर जीटीचं व्ही-८. आणि नववं अक्षर तर आपल्या प्रांतातलं, चेक डिजिट. बाकीच्या प्रत्येक अक्षराची किंमत त्याच्या जागेच्या वजनाने गुणायची, बेरीज करायची, ११ ने भागून बाकी काढायची. बाकी १० आली तर एक्स. ऑफिसच्या लंच अवरमध्ये दहा ओळींचा पायथन लिहिला. बाकी जुळली. व्ही-८ निघालं. टायटलवर अपघाताचा किंवा पुराचा शिक्का नाही. पत्रिका उत्तम!

पुराचं सांगतो, कारण त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मुंबईत त्या दिवशी हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून, पॉलिश करून बाजारात आल्या. नेमकं तेव्हाच बाबांनी ठरवलं की आता आपल्याकडे गाडी हवी. आम्ही डोंबिवलीचे. कुर्ल्याला एक मारुती ८०० आहे असं कळलं म्हणून बाबा, मी आणि बाबांच्या ओळखीचे एक गॅरेजवाले मिस्त्री असे तिघं लोकलने गेलो. मी आठ वर्षांचा. गाडी लाल, चकाचक. मी आत बसलो तो उतरेचना.

मिस्त्रींनी इंजिन बघितलंच नाही आधी. दार उघडून त्यांनी सीटबेल्ट धरला आणि ओढायला लागले. ओढत ओढत पार शेवटपर्यंत. रोज आपण बेल्ट ओढतो तो अर्धाच, उरलेला आत गुंडाळलेला असतो. त्या आतल्या भागावर चिखलाची रेघ होती. मग त्यांनी पायाखालचं कार्पेट उचललं, वाकून वास घेतला आणि बाबांना म्हणाले, "साहेब, चला." एवढंच. मी परतीच्या गाडीत कल्याण लोकलच्या गर्दीला न जुमानता भोकाड पसरलं. बाबा खिडकीबाहेर बघत बसले. दोन महिन्यांनी आम्ही पांढरी ८०० घेतली. ती बारा वर्षं चालली.

तर शनिवारी सकाळी मी त्या गावात पोचलो. विकणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, शाळेतून निवृत्त. गाडी त्यांनी नवी घेतलेली. मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मी यायच्या आधी सुरू करू नका. गरम इंजिन खोटं बोलतं, थंड इंजिन खरं बोलतं. बॉनेटवर हात ठेवून बघितला, गार. त्यांनी हसून मान डोलावली.

चावी फिरवली. तो आवाज. निळा धूर नाही, टकटक नाही. माझ्याकडे वीसेक डॉलरचा ओबीडी स्कॅनर आहे, १९९६ पासूनच्या इथल्या प्रत्येक कारला चालतो. एरर कोड नव्हते. पण नुसतं तेवढं बघून चालत नाही. कोणी सकाळीच कोड पुसले असतील तर? त्यासाठी रेडिनेस मॉनिटर बघायचे. कोड पुसले की तेही रिकामे होतात आणि परत भरायला गाडी थोडी चालवावी लागते. म्हणजे लॉग डिलीट केला, पण डिलीट केल्याची खूण राहिली. इथे सगळे भरलेले होते. माणूस सरळ वाटला.

मग त्यांनी एक फाईल आणली. पंचवीस वर्षांच्या पावत्या, तारखेनुसार लावलेल्या! या इंजिनाचा एक प्रसिद्ध कच्चा दुवा म्हणजे प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड. त्यातून कूलंट जातं तो पुढचा भागही प्लॅस्टिकचा, तो तडकतो आणि गाडी रस्त्यात उकळते. पुढे फोर्डने तो भाग ॲल्युमिनियमचा केला. यांनी तो वेळेवर बदलून घेतला होता, पावती होती. दुसरा दुवा स्पार्क प्लगचा. त्या काळच्या या हेड्समध्ये प्लगच्या भोकाला आटे फार थोडे, त्यामुळे प्लग सैल होऊन बाहेर उडाल्याचे किस्से आहेत. त्याचीही तपासणी केल्याची नोंद होती. मी मनातल्या मनात पार्किंगची जागा ठरवायला लागलो.

सीटबेल्ट ओढला. अगदी शेवटपर्यंत. स्वच्छ.

चालवून बघितली. क्लच जड, केबलचा आहे. आयुष्यभर डाव्या हाताने टाकलेले गिअर उजव्या हाताने टाकताना पहिली दहा मिनिटं मेंदूची भंबेरी उडाली. मग चौथ्यात टाकून, हळू वेगात असतानाच ॲक्सलरेटर पूर्ण दाबला. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. इथे मात्र पाठ सीटला चिकटली. माझं पूर्ण वजन, पूर्ण एक्सेल शीट, सगळं मागे राहिलं. तो म्हातारा शेजारी बसून माझ्याकडे बघून हसत होता.

खरं सांगतो, मी तिथेच चेक फाडणार होतो. पण गावातल्या एका मेकॅनिककडे दीडशे डॉलर देऊन तपासणीची वेळ आधीच घेतली होती, आणि भरलेले पैसे वाया घालवणं आपल्या रक्तात नाही. निव्वळ या एका कारणासाठी आम्ही तिकडे गेलो.

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली. खाली सगळीकडे काळं अंडरकोटिंग, एकसारखं, छान दिसणारं. त्याने हातातल्या स्क्रूड्रायव्हरने ठोकत ठोकत पुढून मागे यायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण. मागच्या चाकांपुढे आला आणि आवाज बदलला. ठण ऐवजी पुठ्ठ्यासारखा थप्प. त्याने जरा जोर दिला तसा स्क्रूड्रायव्हर आत गेला. नुसता खरचटला वगैरे नाही, आरपार आत गेला.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. मागच्या ॲक्सलला धरून ठेवणारे दांडे जिथे बॉडीला जोडलेले असतात त्या पेट्या, टॉर्क बॉक्स म्हणतात त्यांना. इंजिनाचा सगळा जोर तिथून बॉडीत जातो. नेमक्या त्याच गंजून गेल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. पंचवीस हिवाळ्यांचं मीठ.

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. रागाने बघणार होतो, पण त्याचा चेहरा बघून राग आला नाही. तो म्हणाला, "ते कोटिंग मीच करून घेतलं होतं. गाडी वाचावी म्हणून." मेकॅनिकने हळूच समजावलं, की आत ओल किंवा थोडा गंज असताना वरून असा थर दिला तर ओल आतच कोंडते. बाहेरून काळं कुळकुळीत आणि आत भुगा. म्हाताऱ्याने खाली जाऊन त्या भोकाला बोट लावून बघितलं. बराच वेळ काही बोलला नाही.

आता माझी गंमत बघा. मी काय केलं? मी हिशोब सुरू केला! वेल्डिंगला किती? तीन हजारापर्यंत, आणि उघडल्यावर आणखी काय निघेल सांगता येत नाही, इति मेकॅनिक. म्हटलं, मग चार हजारात दिली तर? आणि मी फक्त उन्हाळ्यात चालवली तर? मेकॅनिकने हात पुसले आणि म्हणाला, "इंजिन मी विकत घेईन. गाडी नाही."

डोंबिवलीचे मिस्त्री डोळ्यांसमोर उभे राहिले. "साहेब, चला."

म्हाताऱ्याशी हात मिळवला. तो म्हणाला, आता मी ही कोणाला चालवायला विकणार नाही. मी तासभर कोरोला चालवत घरी आलो. रेडिओ लावला नाही.

व्हिन, स्कॅनर, क्लच, पावत्या, मी सगळं नीट तपासलं होतं. फक्त तपासणाऱ्याला कोणी तपासलं नव्हतं. प्रेमात पडलेला माणूस पुरावे गोळा करतो ते होकाराचेच. म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाताना मिस्त्री न्यायचा. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं हे तर आहेच, पण मुख्य म्हणजे त्याला ती गाडी नको असते.

रविवारी सकाळी घरी फोन केला, तिकडे संध्याकाळ. सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बेल्ट ओढून बघितलास का?"

"बघितला बाबा. शेवटपर्यंत."

"रंग कुठला होता?"

"लाल."

बाबा जरा थांबले. म्हणाले, "त्या कुर्ल्याच्या गाडीच्या वेळी तू रडलास ना, मला ओरडता पण येईना तुला. मला पण लालच हवी होती रे."