मागून येणाऱ्याचा दिवा

मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने जी फियाट 1100 बांधली, जिला 1964 साली ‘डिलाइट’ हे नाव मिळाले आणि दशकभराने जी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून घरोघरी ओळखली जाऊ लागली, तिच्या मागच्या दोन दिव्यांचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की हे दिवे गाडी चालवणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. पुढचे दिवे त्याला वाट दाखवतात, आरसे त्याच्यासाठी मागे पाहतात. मागचा दिवा मात्र पूर्णपणे त्या अनोळखी माणसासाठी असतो जो काही अंतरावरून, स्वतःच्या वेगाने, याच्या पाठोपाठ येत असतो. म्हणूनच हा दिवा पुरेसा की अपुरा हे ठरवणारी कसोटी गाडीत नसून मागच्याच्या डोळ्यात असते, आणि गाडी आहे तशीच राहिली तरी तो डोळा व त्याचा वेग बदलत गेल्यामुळे एकेकाळी योग्य असलेला दिवा काळाच्या ओघात अयोग्य ठरू शकतो.

या दिव्याची मूळ रचना साधी आहे. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. त्यांतील 5 वॅटची तार रात्रभर मंद जळून गाडीचे अस्तित्व सांगते, तर 21 वॅटची तार ब्रेक दाबताच पेटून गाडी थांबत असल्याची सूचना देते. सूचना खरे तर उजेडात नसते, ती या दोन उजेडांमधील फरकात असते, म्हणून हा बल्ब होल्डरमध्ये उलटा बसू नये अशा बेताने त्याच्या बुडाच्या दोन खिळ्या मुद्दाम खालीवर ठेवलेल्या असतात. तारेभोवती सर्व दिशांनी पसरणारा प्रकाश मागची चकचकीत वाटी, म्हणजे परावर्तक, गोळा करते आणि लाल काचेतून बाहेर लोटते. 1089 सीसी इंजिनाच्या या गाड्या, त्याच सुमाराच्या अॅम्बेसेडर आणि सावकाश चढणारे मालट्रक जेव्हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाटात एकामागून एक लागत, तेव्हा सर्वांचे ब्रेक, सर्वांचे वेग आणि सर्वांचे दिवे जवळपास एकाच कुळातले होते, आणि त्या जगाला हा बल्ब पुरत होता.

ज्या मराठी घरांत अशी गाडी दोन-तीन पिढ्या राहिली, तिथे या दिव्याशी लहानपणीच ओळख होते, कारण दिवा लागतो की नाही हे चालकाला बसल्या जागेवरून कळत नसल्याने प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी घरातील एका मुलाला गाडीच्या मागे उभे करण्याचा प्रघात असतो. वडील आत बसून ब्रेक दाबतात, मूल मागून ‘लागला’ म्हणून ओरडते, मग ‘सोडतो हं’ आणि ‘गेला’ अशी उत्तर-प्रत्युत्तरे होतात, आणि एखादे वेळी ‘बाबा, डावा नाही लागला’ असा निरोप येतो. त्या वयात मुलाला तो खेळ वाटतो. मात्र गाडीच्या सुरक्षिततेची ही एकच तपासणी अशी आहे की जी एकट्याने पुरी होत नाही, आणि मागे उभे राहिलेले मूल त्या क्षणी अजून न भेटलेल्या अनोळखी चालकाच्या जागी उभे असते.

डावा दिवा न लागण्याचे कारण पुष्कळदा बल्बमध्ये नसते. जुन्या गाडीत वीज तारेने बल्बपर्यंत जाते, परंतु परत येते ती गाडीच्या पत्र्यातून, आणि या परतीच्या वाटेला मेकॅनिक अर्थिंग म्हणतात. मुंबईच्या पावसाळी, खारट हवेत होल्डर आणि पत्रा यांच्यामधील सांध्यावर गंज चढला की ही वाट अरुंद होते आणि बल्बला मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, घटतो. या घटीचा परिणाम समप्रमाणात होत नाही: व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरले तर तारेचा प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी उतरतो. परावर्तकाची चकाकी गेलेली, लाल काच उन्हाने विटलेली आणि अर्थिंग सैल, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दिवा ‘लागतो’, पण मागच्याला दिसत नाही. म्हणून सुधारणेचा आरंभ नव्या वस्तूच्या खरेदीने करणे चूक आहे. होल्डर घासून स्वच्छ करावा, प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी, परावर्तक पुन्हा चकचकीत करावा, आणि मगच पुढचा विचार करावा. या अर्ध्या दिवसाच्या कामाने मूळ बल्बही असा उजळतो की मालकाला आपण इतकी वर्षे काय घेऊन हिंडत होतो याची जाणीव होते.

दरम्यान रस्ता बदललेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला आणि पुढेमागे धावणाऱ्या गाड्यांचे वेग ताशी 100 किलोमीटरच्या घरात गेले. त्या गाड्यांचे मागचे दिवे एलईडीचे, म्हणजे तार न तापवता अर्धवाहकातून थेट प्रकाश देणारे झाले, आणि मागच्या काचेत डोळ्यांच्या उंचीवर तिसरा ब्रेक लाइट आला. या तिसऱ्या दिव्याची पारख टॅक्सींवर झाली होती, ही गोष्ट पद्मिनी टॅक्सींची सवय असलेल्या मुंबईकराला जवळची वाटावी: 1974 साली जॉन वोव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना असा दिवा लावून पाहिला, आणि अमेरिकेत 1986 च्या मॉडेलांपासून तो सर्व नव्या मोटारींना सक्तीचा झाला. मागून होणाऱ्या धडका त्यामुळे कायमस्वरूपी सुमारे 4 टक्क्यांनी घटल्या, असे तेथील शासकीय अभ्यासाने पुढे दाखवले. आकडा लहान आहे, पण धडकांची संख्या प्रचंड असताना एका बल्बने साधलेली ही घट लहान म्हणता येणार नाही.

तापणारी तार पूर्ण तेजाला पोहोचायला सुमारे एक पंचमांश सेकंद घेते, एलईडीला जवळजवळ काहीच वेळ लागत नाही. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात साडेचार मीटर, म्हणजे पद्मिनीच्या लांबीपेक्षाही जास्त, पुढे सरकते. अनेक जुन्या गाड्यांत ब्रेकचा स्विच तेलाच्या दाबावर चालतो आणि दाब चढेपर्यंत दिवा लागत नाही. पायाच्या पहिल्या स्पर्शाला दिवा पेटवणारा स्विच पेडलपाशी बसवला तर आणखी काही क्षण पदरात पडतात.

मात्र बाजारात मिळणारा कोणताही एलईडी बल्ब जुन्या होल्डरमध्ये घातला म्हणजे काम झाले, ही समजूत धोक्याची आहे. पांढरा एलईडी निळ्या प्रकाशावर पिवळा लेप चढवून बनवलेला असल्याने त्यात तांबड्याचा अंश थोडा असतो, आणि लाल काचेमागे तो गुलाबीसर, फिका दिसतो. लाल काचेमागे लालच एलईडी हवा. ज्याचा प्रकाश फक्त समोर जातो असा बल्ब परावर्तकाला अंधारातच ठेवतो, म्हणून बाजूंनाही प्रकाश टाकणारा निवडावा लागतो. सर्वांत मोठा दोष असा की काही स्वस्त बल्बांत रात्रीचा आणि ब्रेकचा उजेड जवळपास सारखाच असतो, आणि मग दिवा अधिक तेजस्वी होऊनही मुका होतो. वळणाच्या दिव्यांचेही भान ठेवावे लागते, कारण जुना फ्लॅशर बल्बच्या प्रवाहाने तापून वाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर चालतो. एलईडीचा प्रवाह इतका कमी की पट्टी पुरेशी तापतच नाही, आणि तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालावा लागतो.

अशा बदलांनी जुन्या गाडीचा मूळपणा जातो, हा तो जपणाऱ्यांचा आक्षेप येथे आदराने ऐकला पाहिजे. भारतात 2021 साली आलेल्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्यावर तर उरलेल्या प्रत्येक मूळ काचेची, प्रत्येक क्रोमच्या कडीची किंमत वाढली. पण मूळपणाचा वास काचेत, कडीत आणि दिव्याच्या घाटात असतो, झिजणाऱ्या तारेत नव्हे. बल्ब त्या काळीही बदलण्यासाठीच होता. पत्र्याला एकही नवे भोक न पाडता केलेला, पाच मिनिटांत पूर्ववत करता येणारा बदल गाडीच्या रूपाला धक्का लावत नाही, आणि मागच्या काचेच्या आतून तळाशी टेकवलेली तिसऱ्या दिव्याची बारीक पट्टी प्रदर्शनाच्या दिवशी काढून ठेवता येते.

काम पुरे झाल्यावरची तपासणी मात्र बदललेली नाही. एकेकाळी मागे उभे राहणारे मूल आता स्टिअरिंगपाशी बसलेले असते, आणि मागे त्याची मुलगी उभी असते. तिला दिवसा, ऊन थेट काचेवर पडत असताना, तीस पावले लांब जायला सांगावे लागते, कारण नव्या दिव्याची खरी परीक्षा अंधारात नसून उन्हात आहे. ब्रेक दाबला जातो, आणि आत बसलेल्याला काहीही दिसत नसल्याने तो मागून येणाऱ्या आवाजाची वाट पाहत राहतो.