पाणी, पेट्रोल आणि गाळणी

मिशिगनमधल्या माझ्या मित्राने ३०० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर असलेली बोट घेतलीय. सध्या त्याचा एकच ध्यास: फ्युएल फिल्टर बदलायचा, आणि तोही बारीकातला बारीक!

आता बारीक म्हणजे चांगला, असं आपल्यालाही वाटतंच. पण गाळणी जितकी बारीक, तितका चहा हळू उतरतो. पेट्रोल इंजिन फुल थ्रॉटलला दर १० हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण एक गॅलन पितं. म्हणजे इथे ३० गॅलन, जवळजवळ ११३ लिटर. फिल्टरमधून तेवढं गेलं नाही तर इंजिनला पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन वितळूही शकतो. म्हणून गाळणी १० मायक्रॉनची, पण फिल्टर आकाराने मोठा. आमच्या भाषेत, व्हॅलिडेशन कडक ठेवा, पण थ्रूपुट मारू नका :)

दुसरी भानगड पाण्याची. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. ते १५ अंशांना साधारण अर्धा टक्का पाणी विरघळवून घेतं. त्यापेक्षा जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात. सेपरेटर सुटे थेंब पकडतो, पण असा अख्खा थर आला की तो भरून जातो. मग टाकी उपसण्याला पर्याय नाही.

त्यामुळे काढलेला जुना फिल्टर लगेच फेकू नका. त्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून थोडा वेळ थांबा. तळाशी पाणी दिसलं, तर बायको-पोरांना घेऊन किनारा सोडण्याआधी टाकी तपासा. भर पाण्यात टोइंग व्हॅन येत नाही!