आहुप्याच्या कड्यावरून समुद्र

समुद्राचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलीला घेऊन कोणी आहुप्याला जात नाही. शहाणी माणसे अशा वेळी अलिबाग गाठतात. पण आमच्या भाचीचा हट्टच तसा होता, आणि महाविद्यालयात वीस वर्षे मराठी शिकविलेल्या मामाजवळ शहाणपणाची शिल्लक बेताचीच असते.

त्याचे असे झाले. बेल्जममधील गेंट विद्यापीठ युरोपातील इतर विद्यापीठांच्या साथीने सागरी जीवसंपत्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालविते. तेथे तिला अर्ज करावयाचा होता. शिष्यवृत्ती मिळाली तर जाणे; नाही तर राहत्या जागेवर कर्ज, आणि त्याला माझी बहीण मुळीच तयार नव्हती. "पुण्याच्या मुलीला समुद्र हवाय कशाला?" हा तिचा सवाल. भाचीने अदिती पंतांचा दाखला दिला. त्या पुणे विद्यापीठाच्या बी. एस्सी.; अॅलिस्टर हार्डी यांचे 'द ओपन सी' हे पुस्तक हाती आले आणि त्या समुद्रविज्ञानाकडे वळल्या. हवाई विद्यापीठात शिकल्या आणि १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर सुदीप्ता सेनगुप्तांसह अंटार्क्टिकावर पोहोचल्या. तेथे गेलेल्या या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. बहीण एवढेच म्हणाली, "त्यांचं घर वेगळं, आपलं वेगळं." ते काही खोटे नव्हते.

अर्जासोबत 'हा विषय मला का शिकावयाचा आहे' असे एक पत्र जोडावे लागते. मंचर, घोडेगाव मागे पडले, तेव्हा एस. टी.च्या खडखडाटात तिने मला ते वाचून दाखविले. पत्र इंग्रजीत, पण सुरुवात आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत असते तीच. लहानपणापासून समुद्र तिला म्हणे साद घालीत होता!

"अगं, हरिहरेश्वरला लाट पायाला लागली तेव्हा तू रडत माझ्या खांद्यावर चढलीस," मी म्हणालो. "ती दोन दिवस उतरली नाहीस."

तिने पत्राची घडी घातली आणि आहुपे येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. परीक्षकाची जातच मेली वाईट!

आहुपे हे आंबेगाव तालुक्याचे पश्चिमेकडील टोक. भाद्रपद सरत आला होता. माळावर सोनकी पिवळीधमक फुलली होती, खाचरांत भात पोटरीला आले होते. भैरवनाथाच्या देवराईत शिरलो तर भर दुपारी दिवेलागणीचा अंधार. इथले लोक मोठ्या संख्येने महादेव कोळी. भात, नाचणी, वरई पिकवावी आणि जंगलातला हिरडा गोळा करून विकावा, हा त्यांचा वर्षाचा हिशेब.

गावाबाहेर थोडे चालले की जमीन एकाएकी संपते. खाली कोकण, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांचे सुळके, आणि आहुपे घाटाची वाट खोपिवलीकडे उतरत गेलेली. ढग पायांखालून वर येत होते. मी जपून चार पावले मागेच उभा राहिलो. मुलगी मात्र पालथी पडून कड्याचा दगड नखाने खरवडीत होती.

"मामा, हा दगड समुद्रात जातो."

"कोसळून?"

"विरघळून. पावसाचं पाणी यातली सिलिका थोडी थोडी विरघळवून नेतं. समुद्रात डायअॅटम नावाची सूक्ष्म शेवाळं असतात. ती त्या सिलिकेची काचेची घरं बांधतात. त्यांच्यावर बारीक जीव जगतात, त्या जिवांवर मासे."

मग ती उठून बसली. इकडच्या बाजूला पडलेला थेंब कडा उतरतो आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला मिळतो. चार हात पलीकडे पडला, तर येथेच उगम पावणाऱ्या घोड नदीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि निम्मा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात. "पण वाटेत धरणं आहेत. तिथं पाणी थांबलं की गोड्या पाण्यातले डायअॅटम सिलिका आधीच खाऊन तळाशी बसतात. मग समुद्रातल्यांना उरतं किती? मला ते मोजायचंय."

इतका वेळ हे पत्रात का नव्हते, हे मी विचारले नाही.

ज्या घरी आम्ही तांदळाची भाकरी खाल्ली, तेथे डिंभे धरणाकाठचे एक आजोबा पाहुणे आले होते. कोळी म्हटले की आम्हा शहरी माणसांना होडी आणि जाळे आठवते. मी तसे बोलूनही बसलो. म्हातारा हसला. "आमी डोंगरचं कोळी. जाळं कुनाला ठावं व्हतं? जमीन पान्यात गेली, मंग शिकलो." धरणात जमिनी गेलेल्यांनी तेथेच मासेमारी उभी केली. त्यांच्या पाठीशी राहिलेल्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आजोबांना पुरस्काराचे विशेष नव्हते. पहिल्या वर्षी आपण होडीत बसायलाही कसे भीत होतो, हे मात्र त्यांनी रंगवून सांगितले. भाची भाकरी हातात तशीच धरून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिने ओढ्याच्या पाण्याची एक बाटली भरून घेतली, आणि परतताना डिंभ्याला उतरून धरणाच्या पाण्याची दुसरी. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही ताडून पाहावयाच्या होत्या. पुढली एस. टी. दोन तासांनी मिळाली. तेवढ्या वेळात जुन्या पत्राच्या पाठीवर नवे पत्र सुरू झाले. पहिल्याच ओळीत हरिहरेश्वरची लाट होती, आणि रडणेही.

घरी पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. फ्रिजमध्ये बाटल्या ठेवायला जागा नव्हती. बहिणीने आधी गढूळ पाण्याकडे पाहिले, मग लेकीकडे.

"उद्यापर्यंत टिकेल ना गं हे?" असे विचारून तिने दुधाचे पातेले बाजूला सरकविले.